जित्याची खोड आणि उंदराचा मेंदू

दारूच्या बाबतीत नगर जिल्ह्यातील अनेक घरांत दोन निकाल एकाच वेळी दिलेले असतात. पहिला, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.’ दुसरा, ‘त्याने मनावर घेतले तर आज सुटेल, पण त्याच्या मनातच नाही.’ एक निकाल सांगतो की सुटका अशक्य आहे, दुसरा सांगतो की ती अगदी सोपी आहे. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. तरीही सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, असे दोन्ही निकाल पिणाऱ्या माणसाला ऐकवले जातात. परिणाम मात्र एकच होतो. त्याला डॉक्टरकडे न्यायचे राहून जाते.

याच घरांत आणखी एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नसते. एका आईचे दोन मुलगे. जमीन तीच, शाळा तीच, मित्रमंडळीही बरीचशी तीच. लग्नाच्या वरातीत दोघांनीही कधीतरी घोट घेतलेला. एकाने तो तिथेच सोडला. दुसरा दहा वर्षांनी सकाळी चहाच्या आधी बाटली शोधतो. लोक म्हणतात, धाकट्याला वळण नीट लागले नाही. आई स्वतःला दोष देते, बायको नशिबाला. दोघांच्या मेंदूत मुळातच काही वेगळे असेल का, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न शास्त्रज्ञांनी मात्र विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना प्रयोगशाळेतल्या उंदराच्या डोक्यात डोकवावे लागले.

खांबाला बांधून सुटते का?

हा प्रश्न नगर जिल्ह्याला परका नाही. दारू सोडवण्याचा देशभर गाजलेला एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला परतले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि पाणी नव्हते. पुढे भट्ट्या बंद झाल्या, पाणलोटाची कामे उभी राहिली, शेती सुधारली आणि गावाचे नाव देशभर झाले. या कहाणीचा एक भाग मात्र आजही वादाचा आहे. समजावूनही दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले जात. हजारे यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही, उलट तिचे जाहीर समर्थन केले.

राळेगणमध्ये नेमके कशाने काम केले, हे सांगताना बहुतेकांना आधी खांब आणि फटके आठवतात. पण त्याच काळात गावात इतरही बऱ्याच गोष्टी घडत होत्या. दारू सहज मिळेनाशी झाली. हाताला काम मिळाले. गावकीच्या कामात तरुणांना मान मिळू लागला. यातले औषध कोणते आणि जखम कोणती, हे ठरवायचे तर फटका शरीरावर पडतो, पण व्यसन शरीरात नेमके कुठे बसलेले असते, हे आधी कळायला हवे. फार काळ ते कळण्याचा मार्गच नव्हता. जिवंत मेंदूत डोकावणे शक्य नव्हते.

तो मार्ग ज्या यंत्राने उघडला, त्याचे नाव नगरकरांना ठाऊक आहे, पण वेगळ्या कारणासाठी. ‘पेट स्कॅन’ म्हटले की कॅन्सर आठवतो. पुण्याला किंवा मुंबईला जाऊन पेट करून आलेला रुग्ण आज बहुतेक प्रत्येक गावात सापडेल. भारतात हे तंत्र २००२ मध्ये आले. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विभागात, देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र सुरू झाले. कॅन्सरच्या पेटमध्ये रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी अणू जोडलेली एक प्रकारची साखर सोडतात. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी ओढतात आणि त्या जागा चित्रात उजळतात. हा साखरेचा जिल्हा आहे, त्यामुळे हा भाग समजायला इथे फार अडचण पडू नये.

व्यसनाच्या अभ्यासात यंत्र तेच वापरतात. फक्त शिरेत सोडायचे द्रव्य बदलते.

कुलपे मोजायची कशी?

मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. डोपामिन हा त्यातलाच एक निरोप्या. काही हवेसे घडले, किंवा घडणार असे वाटले, की मेंदूच्या खोल भागातल्या एका केंद्रात डोपामिन सुटते. हा निरोप घेण्यासाठी समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक आकाराचे रेणू बसलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. डोपामिन ही किल्ली मानली, तर रिसेप्टर हे कुलूप. या कुलपांचे अनेक प्रकार आहेत. व्यसनाच्या अभ्यासात त्यांपैकी ‘डी-२’ या प्रकाराने सर्वाधिक लक्ष वेधले आहे. दारू, तंबाखू, अफू, कोकेन यांचे मेंदूतील मार्ग वेगवेगळे असले, तरी सारे शेवटी याच केंद्रात डोपामिन वाढवतात.

ही कुलपे मोजण्याची युक्ती साधी आहे. त्याच कुलपात बसेल अशी नकली किल्ली तयार करायची आणि तिला किरणोत्सारी अणू जोडायचा. तो कार्बन-११ असेल तर २० मिनिटांत निम्मा संपतो, फ्लोरिन-१८ असेल तर सुमारे ११० मिनिटांत. म्हणून सायक्लोट्रॉन हाताशी असावे लागते. अणू विघटित होताना पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. तो लगेच जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना धावतात. डोक्याभोवतालच्या कड्यातील दोन टोकांना ते एकाच क्षणी टिपले गेले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती किल्ली होती, हे कळते. अशा लाखो रेषांतून चित्र तयार होते.

तरी एक अडचण उरते. चित्रात दिसणारी प्रत्येक किल्ली कुलपात बसलेली नसते. काही नुसत्याच रक्तात किंवा पेशींच्या मधल्या जागेत तरंगत असतात. यावर उपाय म्हणून लहान मेंदूकडे पाहतात. तिथे डी-२ कुलपे जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे दिसणाऱ्या किल्ल्या साऱ्या तरंगत्या. तेवढा हिशेब वजा केला, की उरते ती कुलपांत अडकलेल्या किल्ल्यांची मोजदाद. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. हेन्री वॅग्नर यांनी १९८३ मध्ये स्वतःच्याच मेंदूतील डोपामिन रिसेप्टरचे पेट चित्र घेतले होते. माणसाच्या बाबतीत ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

आधी कोंबडी की आधी अंडे?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत डॉ. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन आणि दारूचे व्यसन असलेल्यांचे मेंदू पेटने तपासले. व्यसन नसलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात डी-२ रिसेप्टरची उपलब्धता कमी आढळली. निष्कर्ष मोठा होता, पण त्यातून सरळ एक पेच उभा राहिला. दारूने कुलपे कमी झाली, की कुलपे आधीच कमी होती म्हणून माणूस दारूकडे ओढला गेला? व्यसन लागल्यावर काढलेले चित्र हे सांगू शकत नाही. त्यासाठी तोच मेंदू व्यसनाच्या आधी आणि नंतर, असा दोनदा पाहावा लागतो. निरोगी तरुणाला मुद्दाम कोकेन देऊन वाट पाहणे कोणत्याही नीतीत बसत नाही. म्हणून उंदीर.

उंदराच्या मेंदूचे वजन सुमारे २ ग्रॅम. माणसाच्या मेंदूचे साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. माणसांसाठीच्या पेट यंत्रात उंदराच्या मेंदूचा निव्वळ धूसर डाग दिसेल. पूर्वी त्यामुळे उंदीर मारून मेंदूचे काप तपासावे लागत. चित्र बारकाईचे मिळे, पण त्या उंदराचे पुढे काय झाले असते हे कधीच कळत नसे. एक-दोन मिलिमीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी छोटी पेट यंत्रे आली आणि हे बदलले. आता तोच उंदीर आज तपासता येतो, महिन्याने पुन्हा तपासता येतो. त्यामुळे प्रयोगात लागणाऱ्या प्राण्यांची संख्याही घटू शकते. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीची देखरेख असते, त्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे.

या यंत्राचा उपयोग करून केंब्रिज विद्यापीठातील जेफ्री डॅली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना पाच भोके असलेल्या पेटीत ठेवले जाई. एखाद्या भोकात क्षणभर दिवा लागे. तिथे नाक खुपसले की खाऊ मिळे. अट एकच, दिवा लागेपर्यंत थांबायचे. बहुतेक उंदीर शिकत. काही मात्र शिकूनही थांबू शकत नसत. दिवा लागायच्या आतच त्यांचे नाक भोकात असे आणि खाऊ हुके. हे उंदीर मंद नव्हते, उतावळे होते. त्यांना तोवर कोणतेही व्यसनी द्रव्य दिलेले नव्हते.

पेटमध्ये या उतावळ्या उंदरांच्या मेंदूतील व्हेंट्रल स्ट्रायटम या भागात डी-२ आणि त्याच्या जवळच्या डी-३ रिसेप्टरची उपलब्धता इतरांपेक्षा कमी आढळली. आणि अशा उतावळ्या उंदरांना स्वतःहून कोकेन घेण्याची सोय दिली, तेव्हा त्यांनी ते इतरांपेक्षा जास्त घेतले. म्हणजे निदान या उंदरांत कुलपांची कमतरता आधीची होती. व्यसनाची वाट त्यांच्यासाठी आधीच उताराची होती. वागण्यातला एक गुण आणि मेंदूतील एक मोजमाप, दोन्ही व्यसनाच्या आधी हजर होती.

दारूबद्दलचा एक पुरावा याहून जुना आहे. अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत २००१ मध्ये दारूची सवय लावलेल्या उंदरांच्या मेंदूत, नेमक्या त्याच केंद्रात, डी-२ रिसेप्टर तयार करणारे जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पोहोचवले. रिसेप्टर वाढले आणि उंदरांचे दारू पिणे बरेच कमी झाले. काही दिवसांनी रिसेप्टर पूर्वीच्या पातळीवर आले, तसे पिणेही पूर्वीसारखे झाले. उंदराला कोणी उपदेश केला नव्हता, फटकेही मारले नव्हते.

दुसरा भाऊ का वाचला?

आता पुन्हा त्या दोन भावांकडे येऊ. व्होल्को यांच्याच गटाने २००६ मध्ये असे लोक तपासले, ज्यांच्या कुटुंबात दारूचे व्यसन पिढीजात होते, पण ते स्वतः त्यापासून दूर राहिले होते. त्यांच्यात डी-२ रिसेप्टरची उपलब्धता, अशी कौटुंबिक पार्श्वभूमी नसलेल्यांपेक्षाही जास्त निघाली. ज्यांच्या वाट्याला धोका आला, त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला बहुधा ढालही आली. न पिणाऱ्या भावाचे कौतुक जरूर करावे. पण त्याच्या निग्रहामागे त्याने न कमावलेले काहीतरी असू शकते, हेही लक्षात ठेवावे. पिणाऱ्या भावाला दूषण देताना तर नक्कीच.

मग सगळे जन्माच्या वेळीच ठरलेले असते का? इथे ‘जित्याची खोड’ म्हणणाऱ्यांना आयते हत्यार मिळाल्यासारखे वाटेल. पण पुढचा पुरावा त्यांच्या विरोधात जातो. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात माकडांवर झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. आधी प्रत्येक माकड वेगळ्या पिंजऱ्यात होते, तेव्हा डी-२ मध्ये लक्षणीय फरक नव्हता. मग त्यांना गटात ठेवले. गटात मानाचे स्थान मिळवलेल्या माकडांत डी-२ ची उपलब्धता वाढली, दबून राहणाऱ्यांत ती वाढली नाही. पुढे कोकेन उपलब्ध करून दिले, तेव्हा त्याची ओढ दबलेल्या माकडांना अधिक लागली. जनुके तीच राहिली. बदलले ते सोबतीचे आणि मानाचे गणित.

याच संशोधकांच्या २००६ च्या अभ्यासात कोकेन सुरू झाल्यावर माकडांतील डी-२ ची उपलब्धता घटताना दिसली. म्हणजे कमतरता आधीही असू शकते आणि द्रव्यामुळे ती वाढतेही. कोकेन दीर्घकाळ घेतल्यानंतर बंद केले, तेव्हा काही माकडांत ही पातळी काही महिन्यांत पूर्ववत झाली, काहींत बराच काळ झाली नाही. कोंबडी आणि अंडे, दोन्ही खरी निघाली. ‘एवढे महिने झाले, तरी अजून आठवण कशी येते?’ असे व्यसन सोडलेल्या माणसाला विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भरून यायला प्रत्येकाला सारखा वेळ लागत नाही.

मोजमापाच्या मर्यादा

असे संशोधन वाचताना दोन्ही टोके टाळली पाहिजेत. पेट जे मोजते ते कुलपांची निव्वळ संख्या नसते, ‘उपलब्धता’ असते. मेंदूत डोपामिन जास्त सुटलेले असेल, तर खऱ्या किल्ल्या आधीच कुलपांत बसतात आणि नकलीला जागा उरत नाही. कुलपे तेवढीच असूनही आकडा कमी दिसतो. उंदीर हलू नये म्हणून त्याला भूल द्यावी लागते आणि भुलीचा परिणाम याच रसायनांवर होतो. हे टाळण्यासाठी ब्रूकहेवनच्या शास्त्रज्ञांनी शुद्धीवरच्या उंदराच्या डोक्याभोवती बसेल असे कड्याएवढे पेट यंत्र बनवले आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्राचा भार स्प्रिंगने पेललेला असतो, उंदीर हिंडत असतो आणि मोजणी चालू असते.

आणखी एक मर्यादा प्राण्याच्या आकाराची आहे. एवढ्याशा मेंदूत नकली किल्ल्या जरा जास्त गेल्या, तरी त्याच कुलपे अडवून बसतात आणि मोजणाराच मोजमाप बिघडवतो. त्यामुळे औषधाची मात्रा अतिसूक्ष्म ठेवावी लागते. शिवाय कोकेन म्हणजे दारू नव्हे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराला कर्ज नसते, पोरीच्या लग्नाची काळजी नसते, निवडणुकीच्या दिवसांत त्याला कोणी फुकट पाजत नाही. डी-२ हा व्यसनाच्या साखळीतला एक दुवा आहे, सारी साखळी नव्हे.

म्हणून एक व्यवहारातली सूचना. दारूच्या व्यसनाचे निदान करण्यासाठी मेंदूच्या पेट स्कॅनची गरज नसते. कोणी तसा सल्ला दिला, तर खिशात हात घालण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. हे निदान नीट विचारपूस करून, तपासणीने आणि साध्या रक्तचाचण्यांच्या आधारे होते. पेटने या क्षेत्रात दिलेली देणगी तपासणीची नाही, समजुतीची आहे. व्यसन मेंदूत बसते, त्याला मोजता येणारा आधार असतो, काहींची वाट जन्मतःच उताराची असते, तरी परिस्थिती आणि उपचार यांनी ती बदलू शकते, ही ती समजूत.

उद्यापासून बंद, म्हणजे काय?

ही समजूत नसल्याने जीव जातात. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस देवासमोर शपथ घेतो, माळ घालतो किंवा घरचे त्याला खोलीत कोंडून ठेवतात. दारू एकदम बंद होते. दारूच्या सततच्या गुंगीशी जुळवून घेतलेला मेंदू आता आवरेनासा होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना फिट येते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण बरळू लागतात, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप चढतो. गावात याला बाहेरची बाधा समजतात. हा जिवावर बेतू शकणारा आजार आहे. वेळेवर रुग्णालयात आणले, शांत करणारी औषधे आणि थायमिनची इंजेक्शने मिळाली, तर बहुतेक रुग्ण वाचतात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू सोडावीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीत.

दुसरा धोका ‘न कळत’ देण्याच्या पुडीचा. चहात, भाजीत मिसळून द्या, दारू सुटेल, अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. अशा काही पुड्यांत डायसल्फिरम असू शकते. हे औषध घेतल्यावर दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यू ओढवतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिले, तर हेच औषध उपयोगी असते. नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधेही आहेत. गुपचूप दिलेली पुडी हा उपचार नसून विषप्रयोगाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, मग ती देणाऱ्या माउलीचा हेतू कितीही चांगला असो.

खांबाबद्दल कायद्याने आता संदिग्धता ठेवलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजारांत गणले आहेत. अशा रुग्णाला क्रूर, अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे आणि त्याला साखळीने बांधण्यास मनाई आहे. राळेगणकडून घ्यायचे ते सहज न मिळणारी दारू, हाताला काम आणि गावात मिळणारा मान हे घ्यावे. मानाने माकडाच्या मेंदूतील मोजमाप हलू शकते, तर माणसाच्या बाबतीत तो वाया जात असेल असे मानायला आधार नाही. खांब मात्र तिथेच सोडावा.

जिल्ह्याने काय करावे?

विषारी दारूने माणसे गेली, की सगळे जागे होतात. २०१७ च्या फेब्रुवारीत नगर तालुक्यातील पांगरमलला तसे झाले. रोजच्या परवानाधारक दारूने हळूहळू यकृत गमावणाऱ्यांच्या बातम्या होत नाहीत. गावोगावच्या महिलांनी बाटली आडवी करण्यासाठी दिलेले लढे मोलाचे आहेत. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातील व्यसनाधीन माणसांचे काय करायचे, याची आखणी ठरावात नसते. २०२० च्या टाळेबंदीत दारू अचानक मिळेनाशी झाली, तेव्हा दारू तुटल्याने गंभीर झालेले रुग्ण वाढल्याची नोंद बेंगळुरूच्या डॉक्टरांनी केली. ठरावाबरोबर वैद्यकीय मदतीची तारीखही ठरली पाहिजे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ जणांच्या वाट्याला काय येते, ते वर आलेच आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला रुग्णाचा मान देऊन उपचार करता येतात, हे महाराष्ट्राला दाखवले. पण जामखेडच्या किंवा अकोल्याच्या दुर्गम वाडीवरच्या मजुराने पहिल्या मदतीसाठी पुणे गाठावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

जिल्ह्यातील १४ तालुक्यांत प्रत्येकी एका सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी आठवड्यातील एक ठरलेला वार, दारू तुटल्याचा त्रास सांभाळता येईल अशा दोन-चार खाटा, प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका, आणि औषधांचा न खंडणारा पुरवठा एवढे झाले, तरी फरक पडेल. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. तोवर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहेत, ते घरात लिहून ठेवावेत. रुग्णाने दारू पुन्हा सुरू केली, तर त्याला पुन्हा आणावे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून त्याला कोणी दवाखान्याच्या दारातून हाकलत नाही.

दिवा लागेपर्यंत थांबू न शकणारा तो उंदीर वाईट नव्हता. त्याच्या मेंदूतली घडण वेगळी होती आणि ती मोजता आली. माणसाला त्याहून एक गोष्ट जास्त मिळाली आहे. आपली घडण त्याला कळू शकते आणि तिच्यावर इलाज मागता येतो. त्याने तो मागितला, तर इलाज जवळ असावा, ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही. जित्याची खोड जिवंतपणी जाऊ शकते. त्यासाठी आधी तिला खोड म्हणणे थांबवावे लागेल.